पश्चिम क्रीट पहिल्यांदा: घळी, किल्ले आणि शेवटची बोट

क्रीट हे ग्रीसचं सर्वांत मोठं बेट. पूर्व-पश्चिम लांबी सुमारे 260 किलोमीटर, रुंदी कुठे 60 तर कुठे जेमतेम 12. आकडे वाचून वाटतं की आठवड्यात सगळं बेट होईल. बहुतेकांचं वेळापत्रक फसतं ते इथेच. बेटाच्या कण्यावर डोंगर उभे आहेत, आणि पश्चिमेकडच्या लेफ्का ओरी या रांगेत 2,000 मीटरच्या वर जाणारी कितीतरी शिखरं आहेत. सर्वांत उंच पाह्नेस 2,453 मीटर, आणि तिथून दक्षिणेचा समुद्र सरळ रेषेत दहाएक किलोमीटरवर. म्हणजे डोंगर थेट पाण्यात उतरतो. उत्तर किनाऱ्यावर शहरं, विमानतळ आणि मोठा रस्ता. दक्षिण किनाऱ्यावर छोटी गावं, त्यांपैकी काहींना रस्ताच नाही. तिथे बोटीनेच जायचं आणि बोटीनेच परतायचं.

म्हणून इथे कुठलीही जागा ठरवताना ‘किती किलोमीटर’ हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न: तिथून परत कसं यायचं आणि शेवटचं वाहन किती वाजता?

हा लेख फक्त पश्चिमेचा, म्हणजे हानिया शहर आणि त्याच्या मागच्या डोंगरांचा आहे. नकाशावर ‘चानिया’ असं वाचलं जातं, स्थानिक लोक ‘हानिया’ म्हणतात. स्टँडवर तसंच म्हणा. नोसोसचा मिनोअन, म्हणजे कांस्ययुगातल्या क्रीटचा, राजवाडा बघायचा असेल तर तो इराक्लियो या बेटाच्या मुख्य शहराजवळ आहे. हानियाहून जाऊन-येऊन 280 किलोमीटर होतात. त्यापेक्षा येताना हानियाला उतरा, जाताना इराक्लियोहून विमान पकडा आणि नोसोस शेवटच्या दिवशी ठेवा.

आधी महिना ठरवा

मे, जूनचा पहिला पंधरवडा, आणि सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेर. चालायला येणाऱ्यांसाठी हेच दोन हंगाम. मेमध्ये रानफुलं असतात आणि उंच शिखरांवर बर्फाचे पट्टे शिल्लक असतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये समुद्र कोमट असतो. जुलै-ऑगस्टमध्ये तापमान पस्तिशीच्या पुढे जातं, घळीतला दगड तापतो, आणि फार उष्णता झाली की घळी बंदही ठेवतात. महाराष्ट्रातल्या शाळांची सुट्टी मेमध्ये असल्यामुळे आपल्याकडच्यांना हा महिना आयताच मिळतो.

नोव्हेंबर ते मार्च स्वस्त असतं, हानिया शहर तेव्हाही सुंदर असतं. पण सामारियाची घळ, इथली सर्वांत प्रसिद्ध पायवाट, बंद, दक्षिणेच्या बोटी अगदी कमी आणि पुरातत्त्व स्थळांची वेळ दुपारी साडेतीनच्या आसपास संपते. सुट्ट्यांचं एक त्रांगडं लक्षात ठेवा: 1 मे, 25 मार्च आणि ऑर्थोडॉक्स ईस्टरचा रविवार या दिवशी सरकारी स्थळं व संग्रहालयं बंद असतात. ऑर्थोडॉक्स ईस्टर बहुतेक वर्षी आपल्या कॅलेंडरवरच्या ईस्टरहून वेगळ्या तारखेला येतो. तो आठवडा धरलात तर बस आणि बोटींचं वेळापत्रकही बदलतं.

कागदपत्रं, आणि त्यातही परवाना

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. त्यासाठीचा प्रवास विमा किमान 30,000 युरोंचा असावा लागतो हे एजंट सांगतोच. तुम्ही त्यात डोंगरातली पायपीट आणि सुटका यांचा खर्च धरला आहे का, ते वाचून घ्या. स्वस्त पॉलिसीत ‘साहसी प्रकार’ या नावाखाली तो वगळलेला असतो.

गाडी भाड्याने घ्यायची असेल तर भारतीय परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय वाहन परवाना हवा. तो निघण्यापूर्वी आरटीओतून काढा. अर्ज परिवहनच्या पोर्टलवर होतो. काउंटरवरचा माणूस तो न बघता गाडी देईलही, पण अपघात झाला की विमा कंपनी तोच कागद मागते. युरोपात राहणाऱ्या ज्यांच्याकडे युरोपीय संघातल्या देशाचा परवाना आहे त्यांना याची गरज नाही.

ग्रीसमध्ये गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते. बहुतेक भाड्याच्या गाड्या गिअरच्या असतात आणि गिअर उजव्या हाताला येतो. पहिल्यांदाच उजवीकडून चालवणाऱ्याने ऑटोमॅटिक गाडी मागावी. त्या थोड्या असतात, तेव्हा महिनाभर आधी आरक्षण करा.

पोचणं आणि फिरणं

अथेन्सहून हानियाला विमान तासाभरात पोचतं. विमानतळ शहरापासून 14 किलोमीटरवर, अक्रोतिरी द्वीपकल्पावर आहे. दुसरा मार्ग म्हणजे पिरेयस या अथेन्सच्या बंदरातून रात्रीची फेरी बोट. सकाळी ती सूदा बंदरात लागते, तिथून शहर सहा-सात किलोमीटर. केबिन घेतली तर एका रात्रीचं हॉटेल वाचतं, आणि पहाटे डेकवर उभं राहिलं की लेफ्का ओरीची अख्खी रांग समोर येते. सूदा हा नाविक तळ आहे आणि विमानतळावर हवाई दलही आहे. दोन्हीकडे लष्करी भागाचे फोटो काढायला मनाई आहे. कॅमेऱ्यावर फुली मारलेली पाटी दिसली की फोन खिशात.

बस की गाडी? दोन्ही, पण वेगवेगळ्या दिवशी. घळीत वरून शिरून खाली दुसऱ्याच गावात बाहेर पडायचं असतं, त्यामुळे त्या दिवशी स्वतःची गाडी म्हणजे लोढणं. ती वर अडकून पडते. त्या दिवसांना केटेल या सार्वजनिक बससेवेची बस घ्या. किल्ले, मठ आणि पश्चिमेचे किनारे यांसाठी तीन दिवस गाडी पुरते.

गाडी चालवताना तीन गोष्टी. उत्तर किनाऱ्याच्या मोठ्या रस्त्यावर बऱ्याच ठिकाणी दोनच पदर आहेत. स्थानिक लोक मागून वेगाने आलेल्याला वाट देण्यासाठी अर्धी गाडी कडेच्या पट्टीवर घेतात आणि तुमच्याकडूनही तीच अपेक्षा ठेवतात. सरळ रस्त्यावर द्या वाट, पण आंधळ्या वळणावर देऊ नका, त्याच पट्टीवर पुढे एखादी बंद पडलेली गाडी असू शकते. दुसरं, डोंगरात शिरण्यापूर्वी व्रिसेस गावात टाकी भरून घ्या. स्फाकियाच्या, म्हणजे दक्षिण किनाऱ्याच्या, बाजूला पंप फार कमी. तिसरं, कच्चा रस्ता. भाडेकरारात बहुधा टायर, काच आणि गाडीची खालची बाजू कच्च्या रस्त्यावर विम्यातून वगळलेली असते, ‘फुल इन्शुरन्स’ असं छापलेलं असलं तरी.

मुक्काम असा विभागा: सात रात्री असतील तर चार हानियात, तीन दक्षिणेत. सगळ्या रात्री हानियात काढणारे रोज तीन-चार तास गाडीत बसतात. हॉटेलचं बिल देताना राज्याचा एक कर वेगळा द्यावा लागतो. तो हॉटेल किती तारांकित आहे त्यावर आणि हंगामावर ठरतो आणि ऑनलाइन आरक्षणात बहुतेक वेळा धरलेला नसतो.

पहिला दिवस: पाय सैल करायला

विमानातून उतरून दुसऱ्या दिवशी सामारियाला जाऊ नका. पहिला दिवस अक्रोतिरीवर काढा. तिथे आगिया त्रियादा हा सतराव्या शतकातला मठ आहे, आणि त्याच्या पुढे चारेक किलोमीटरवर गुवेर्नेतोचा मठ. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. मठ दुपारी काही तास बंद असतात, म्हणून सकाळीच पोचा.

खरी गंमत गुवेर्नेतोच्या पलीकडे आहे. मठाजवळून फरसबंदी वाट समुद्राकडे उतरते. दहा-पंधरा मिनिटांत अस्वलाची गुहा लागते. आतला लवणस्तंभ पाणी प्यायला वाकलेल्या अस्वलासारखा दिसतो म्हणून हे नाव. प्राचीन काळी इथे आर्तेमिस देवीची पूजा होत असे, आता दाराशी छोटं ख्रिस्ती देऊळ आहे. मग कातळात खोदलेल्या पायऱ्या उतरत तुम्ही काथोलिकोला येता. हा सोडून दिलेला मठ अर्धा कड्यात कोरलेला आहे आणि समोर ओढ्यावर भलामोठा दगडी पूल. शेजारीच संन्यासी संत जॉनची गुहा आहे, शंभर मीटरहून खोल. आत जायचं तर टॉर्च हवा, मोबाइलच्या उजेडावर जाऊ नका, जमीन ओली आणि निसरडी आहे. पुलाखालून ओढ्याच्या कोरड्या पात्रातून आणखी पंधरा-वीस मिनिटांत समुद्र.

उतरताना हे सगळं सोपं वाटतं. परतीची चढण मात्र उघड्यावर आहे, वाटेत पाण्याचा नळ नाही. माणशी दीड लिटर पाणी घेऊन निघा आणि अकरापर्यंत वर या.

संध्याकाळी जुनं हानिया. एकेकाळी बेटावर राज्य करणाऱ्या व्हेनिसवाल्यांनी बांधलेलं बंदर, जहाजं दुरुस्त करण्याच्या त्यांच्या कमानदार गोद्या, धक्क्यावरची घुमटांची मशीद, आणि टोकाला दीपगृह. दीपगृहाचा आजचा आकार 1830च्या दशकात इजिप्तच्या राजवटीत आला. बंदराच्या तोंडाशी फिर्कास किल्ला आहे. 1 डिसेंबर 1913 रोजी क्रीट ग्रीसमध्ये सामील झालं तेव्हा इथे झेंडा चढवला गेला. बंदरावरच्या खानावळी टाळा, दोन गल्ल्या आत जा.

दुसरा दिवस: आप्तेरा आणि 1941

आप्तेरा हानियाच्या पूर्वेला पंधरा किलोमीटरवर, सूदाच्या खाडीवर डोकावणाऱ्या पठारावर आहे. इथे कुणाची रांग नसते आणि तिकीट नोसोसच्या मानाने किरकोळ. तरीही पश्चिम क्रीटमधलं पहिलं पुरातत्त्व स्थळ म्हणून मी हेच सुचवेन, कारण एका फेरीत थरावर थर दिसतात: ग्रीक तटबंदी, थिएटर, रोमन पाण्याची टाकी, मध्ययुगीन मठ, उस्मानी किल्ला आणि दुसऱ्या महायुद्धातला मशीनगनचा मोर्चा. टाकी बघायला विसरू नका. तीन लांब कमानींची एक आणि इंग्रजी एल अक्षराच्या आकाराची दुसरी, दोन्ही इतक्या मोठ्या की त्यांना हौद म्हणणं कमीपणाचं वाटेल. गडावरची टाकी बघायची सवय असलेल्यांना पाणी कुठून आत येत असेल हे शोधण्यात अर्धा तास सहज जातो. आठवड्यातली सुट्टी आधी बघून ठेवा.

परतताना सूदाच्या खाडीकाठचं राष्ट्रकुल सैनिकांचं दफनस्थान बघा. 20 मे 1941 रोजी जर्मन छत्रीधारी सैनिक क्रीटवर उतरले. मालेमेचा विमानतळ त्यांच्या हाती पडला आणि लढाईचं पारडं फिरलं. दोस्तांचं सैन्य डोंगर ओलांडून दक्षिणेला होरा स्फाकियोनकडे मागे हटलं आणि मेच्या अखेरच्या रात्रींत जहाजांवर चढलं. सगळ्यांना जागा मिळाली नाही, हजारो जण किनाऱ्यावरच कैद झाले. जर्मनांचं दफनस्थान मालेमेच्या टेकडीवर आहे, तिथे साडेचार हजारांच्या आसपास थडगी आहेत. हे आधी बघितलं तर उद्याच्या रस्त्याला अर्थ येतो. तुम्ही त्याच माघारीच्या वाटेने जाणार आहात.

तिसरा दिवस: आधी इम्ब्रोस

क्रीट म्हटलं की सगळे थेट सामारियाला धावतात. नवख्याने आधी इम्ब्रोसची घळ करावी. लांबी सुमारे आठ किलोमीटर, उतरायला अडीच ते तीन तास, आणि सर्वांत अरुंद जागी दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतात. तुमचे गुडघे, बूट आणि पाण्याचा हिशेब इथे स्वस्तात तपासून होतात.

हानियाहून व्रिसेस, आस्किफूचं पठार, मग इम्ब्रोस गाव. इथे उतरा. घळीच्या तोंडाशी थोडं शुल्क घेतात, सुट्टे युरो ठेवा. वाट ओढ्याच्या कोरड्या पात्रातून जाते, चुकण्याचा प्रश्न नाही. खाली कोमिताधेस गावाशी बाहेर पडलात की खानावळवाल्यांच्या पिकअप गाड्या उभ्या असतात; त्या परत इम्ब्रोसला किंवा पुढे होरा स्फाकियोनला सोडतात. भाडं बसण्याआधी ठरवा, आणि माणशी की गाडीचं ते विचारा.

बुटांबद्दल इथेच सांगितलेलं बरं. सह्याद्रीचा बेसॉल्ट कोरडा असताना पकड देतो. इथला दगड चुनखडीचा, आणि हजारो पावलांनी घासून काचेसारखा गुळगुळीत झालेला. कडक उन्हात पूर्ण कोरडा असतानाही पाय सटकतो. झिजलेल्या तळव्याचे बूट आणू नका. नवे कोरे बूटही आणू नका. उतरणीवर पाऊल पुढे सरकून बोटं बुटाच्या टोकावर आपटत राहतात आणि नखं काळी पडतात, म्हणून आदल्या रात्री नखं कापा आणि उतरायच्या आधी नाडी घोट्यापाशी घट्ट बांधा.

रात्री होरा स्फाकियोनला राहा. संध्याकाळ उरली असेल तर पूर्वेला बारा-तेरा किलोमीटरवर फ्रांगोकास्तेलो आहे: समुद्राला लागून सपाट जमिनीवर व्हेनिसवाल्यांनी 1370च्या दशकात बांधलेला चौकोनी किल्ला, चार कोपऱ्यांत चार बुरूज. आत फारसं काही उरलेलं नाही. पण मागे उभे डोंगर आणि पुढे उथळ, वाळूचा किनारा, ही जागाच बघण्यासारखी. 1770मध्ये स्फाकियाच्या दास्कालोयानिसने तुर्कांविरुद्ध उठाव केला, शेवटी इथे तो शरण आला आणि पुढच्या वर्षी इराक्लियोत त्याला मारलं. हानियाच्या विमानतळाला त्याचंच नाव आहे.

सामारिया

एक दिवस पाय मोकळे ठेवून मग सामारिया. दक्षिणेचा मुक्काम हलवताना एक रात्र पुन्हा हानियाला किंवा वर ओमालोसच्या पठारावर काढावी लागेल, कारण सुरुवात उत्तरेकडून आहे. ओमालोसला झोपलात तर सकाळच्या बसच्या गर्दीच्या आधी दारात उभे राहता. सामारियाच्या दिवशी हीच सर्वांत मोठी सोय.

घळ साधारण 1 मे ते ऑक्टोबरअखेर उघडी असते, पाऊस किंवा उष्णतेच्या इशाऱ्याला बंद होते. आदल्या संध्याकाळी बसच्या खिडकीवर किंवा हॉटेलात ‘उद्या उघडी आहे का’ हे विचारल्याशिवाय झोपू नका. अंतर: उद्यानातलं 13 किलोमीटर आणि बाहेर पडल्यावर समुद्रापर्यंत तीन, एकूण 16. सुरुवात क्सिलोस्कालोला सुमारे 1,230 मीटरवर, शेवट शून्यावर. वेळ पाच ते सात तास. तिकीट शेवटपर्यंत जपून ठेवा, खालच्या दारात ते बघतात. आत कुणी मागे राहिलं नाही ना याचा हिशेब त्यावरून लागतो. आत मुक्काम, शेकोटी आणि ओढ्यात पोहणं याला बंदी आहे.

वाट कशी उलगडते ते पाहा. पहिल्या चार किलोमीटरांत जवळजवळ निम्मी उंची उतरते. लाकडी कठडे, दगडी पायऱ्या, नागमोडी वळणं, आणि बहुतेक जण इथेच धावतात, कारण सकाळची हवा गार असते आणि अंगात जोर असतो. मांड्यांचा पुढचा स्नायू इथे मोडतो आणि त्याचा पत्ता दहाव्या किलोमीटरला लागतो. लहान पावलं टाका, काठी असेल तर इथेच वापरा. आगिओस निकोलाओसच्या देवळाजवळ जुन्या सुरूंची राई आहे, पहिला मोठा थांबा तिथे.

सातव्या किलोमीटरला सामारिया गाव. 1962मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा गावकऱ्यांना उठवलं गेलं. घरं उरली आहेत आणि त्यातल्या एकात रखवालदारांची चौकी आहे. दुपारचं खाणं इथे खा. क्री-क्री नावाच्या रानटी बकऱ्या अगदी जवळ येतात, त्यांना काही देऊ नका. दुखापत झाली असेल तर इथेच सांगा: घळीत गाडी येत नाही, जखमींना खेचरावरून नेतात, आणि चौकीपासून जितके लांब जाल तितका वेळ जास्त लागतो.

गावानंतर भिंती जवळ येऊ लागतात, वाट ओढा पुन्हा पुन्हा ओलांडते. मेमध्ये पाणी असतं, लाकडी फळ्यांवरून जायचं. अकराव्या किलोमीटरच्या पुढे ‘पोर्तेस’, म्हणजे दरवाजे: तीन-चार मीटर रुंदीची फट आणि दोन्हीकडे सुमारे तीनशे मीटर उंच कातळ. फोटोसाठी सगळे नेमके इथे थबकतात. ‘थांबू नका’ अशा पाट्या जिथे लावल्या आहेत तिथे खरंच थांबू नका. वरून दगड सुटतात, आणि ते वाऱ्याने किंवा बकऱ्यांच्या खुरांनीही सुटतात.

पाणी वाटेतल्या विसाव्यांवर झऱ्याचं मिळतं, त्यामुळे एक लिटरची बाटली भरत भरत जाणं पुरतं; तीन लिटर पाठीवर वाहून नेणं हा हमालीचा प्रकार आहे. शेवटचे तीन किलोमीटर मात्र सावली नाही, पाणी नाही, दुपारचा एक-दोनचा सुमार. बहुतेकांना चक्कर इथे येते. बाहेर पडल्यावर लगेच रसाची खोकी विकणारी टपरी लागते, तिथे बसा. हंगामात तिथून गावापर्यंत छोटी बसही असते.

घळीच्या टोकाला समुद्रकाठी असलेल्या आगिया रूमेली गावात पोचलात की आधी धक्क्यावरच्या खिडकीवर बोटीचं तिकीट घ्या, मग जेवण, मग समुद्र. इथून रस्ता नाही. पूर्वेला होरा स्फाकियोन सुमारे तासाभरावर, पश्चिमेला सूगिया त्याहून कमी. दोन्हीकडे हानियाची बस बोटीची वाट बघत थांबते. शेवटची बोट बहुतेक दिवशी साडेपाचच्या सुमारास सुटते. ती चुकली तर गावात खोल्या आहेत, काही बिघडत नाही. पण त्याच रात्रीचं विमान धरलेल्याचं बिघडतं. वारा फार वाढला की बोटी रद्द होतात, म्हणून सामारियाच्या दुसऱ्या दिवशी परतीचं विमान ठेवायचं नाही, हा नियम समजा.

गाडी घेऊनच यायचं असेल तर ती वर ठेवू नका. सूगियाला लावा, सकाळी तिथून बस किंवा टॅक्सीने ओमालोसला या, आणि संध्याकाळी बोटीने पुन्हा सूगियाला. ज्यांच्या गुडघ्यांना हे झेपणार नाही त्यांनी सकाळच्या बोटीने आगिया रूमेलीला उतरून खालून वर पोर्तेसपर्यंत जावं. जाऊन-येऊन दहा-अकरा किलोमीटर, चढ नावापुरता, आणि घळीतला सर्वांत देखणा भाग पदरात पडतो. आजी-आजोबा आणि लहान मुलं बरोबर असतील तर मी हाच मार्ग धरायला सांगेन.

किनाऱ्यावरची वाट

आगिया रूमेलीला एक रात्र राहिलात तर सकाळी ई-4 या युरोपीय पदभ्रमण मार्गावरून पूर्वेला निघा. खुणा पिवळ्या-काळ्या. तासाभराने आगिओस पावलोसचं बायझँटाइन देऊळ लागतं, अक्षरशः वाळूत उभं. पुढे लूत्रोपर्यंत जायचं तर आणखी चार तास धरा. त्यात घसारा आहे, उघडा कडा आहे आणि माणशी तीन लिटर पाणी लागतं. पहिल्यांदा येणाऱ्याने देवळापासून परत फिरावं आणि लूत्रोला बोटीने जावं. लूत्रोलाही रस्ता नाही, सगळं गाव एका अर्धगोल खाडीभोवती.

बोटीतून कड्यांच्या तळाशी बघा. पाण्याच्या वर काही मीटरवर कातळात आडवी रेघ कोरल्यासारखी दिसते. तो जुना किनारा. इसवी सन 365मधल्या भूकंपात बेटाचा हा कोपरा एका झटक्यात उचलला गेला, नैऋत्येला तर सुमारे नऊ मीटर.

पश्चिम टोक

त्याच भूकंपाचा पुरावा पायाखाली बघायचा तर फालासार्नाला जा. प्राचीन नगराचं बंदर तिथे आज कोरड्या जमिनीवर आहे: धक्का, बुरूज, जहाजं बांधायच्या जागा, आणि समुद्र पलीकडे शंभर मीटरवर. किनाऱ्याच्या वाहनतळापासून पुढे साधारण दोन किलोमीटर कच्चा रस्ता आहे. गाडी ठेवून चालत जा, हरितगृहांच्या आणि ऑलिव्हच्या मधून सरळ वाट आहे. सूर्यास्ताला बसायला यापेक्षा चांगली जागा हानियाच्या आसपास मिळणं अवघड.

बालोसची उथळ निळी खाडी सगळ्यांनी फोटोत पाहिलेली असते. तिकडचा जमिनीवरचा रस्ता सुमारे आठ किलोमीटर कच्चा आणि भाड्याच्या गाडीचा विमा फाडून टाकणारा. किस्सामोस बंदरावरून बोट घ्या. ती ग्राम्वूसा बेटावरही थांबते, तिथे 137 मीटर उंच कड्यावर व्हेनिसवाल्यांचा सोळाव्या शतकातला किल्ला आहे. वर जायला वीस-पंचवीस मिनिटं, उघड्या पायऱ्या. बोटीतून उतरल्या उतरल्या आधी वर जा, पोहणं नंतर, कारण थांबा मोजून दिलेला असतो आणि भोंगा झाला की बोट कुणासाठी खोळंबत नाही. एलाफोनिसीची गुलाबी वाळू बघायला जाल तर ती खिशात घालू नका, गुन्हा आहे.

खाणं

शाकाहारी माणसाची इथे आबाळ होत नाही. हानियाचं ‘बुरेकी’ म्हणजे बटाटा, झुकिनी, मिझिथ्रा चीज आणि पुदिना यांची भाजलेली थाळी. ‘दाकोस’ म्हणजे सातूच्या कडक टोस्टवर टोमॅटो आणि चीज. हाच टोस्ट वाटेतही टिकतो. ‘होर्ता’ म्हणजे उकडलेल्या रानभाज्या, लिंबू पिळून. स्फाकियाची चपटी चीजपोळी मधाबरोबर येते. दूध-चीजही नको असेल तर ‘निस्तीसिमा’ मागा: चर्चच्या उपवासाला चालणारे पदार्थ, त्यात मांस, अंडी, दूध नसतं. कोळंबी किंवा कालवं मात्र या उपवासाला चालतात, तेवढं विचारून घ्या. जेवणानंतर न मागता राकी या द्राक्षाच्या दारूचा छोटा ग्लास येतो. मोफत असला तरी जोरदार असतो, आणि गाडी चालवणाऱ्याने तो हसून शेजाऱ्याकडे सरकवावा.

डोंगरात तारेचं फाटक लागलं तर उघडून आत जायला हरकत नाही, पण मागे पुन्हा लावून घ्या, मेंढ्या बाहेर जातात. फोनमध्ये ऑफलाइन नकाशा उतरवून ठेवा. घळींच्या तळाशी रेंज नसते. मदतीचा क्रमांक 112.